बेचकीपर्यंत

पुस्तकात होतं, मासा थंड रक्ताचा.
मी हात वर केला. म्हटलं, कुपा नसतो, सर,
मी हात घातलाय त्याच्या पोटात.
वर्ग हसला. सरांनी ओळीवर बोट ठेवलं,
तेच बोट मग माझ्या कपाळावर.

बाप तेव्हा हुवाधूच्या दक्षिण तोंडाशी बोट चालवायचा.
रात्री उथळ पाण्यात दिवा सोडून
बोटभर चंदेरी मासळी धरायची, जिवंत,
बोटीच्या पोटातल्या पाण्यात खेळवत ठेवायची.
आमिष मेलं की दिवस मेला, म्हणायचा.
उजाडता उजाडता पक्षी शोधायचे.
पक्षी जिथे खाली कोसळतायत, तिथे.

मग पुढचं सगळं अर्ध्या तासाचं.
एकजण ओंजळीने चंदेरी उधळतो,
मागच्या फळीवर आठ माणसं, आठ काठ्या,
नळांतून पाण्याची फवार, म्हणजे कुप्यांना वाटावं
खाली सगळी मासळीच उकळतेय.
गळाला उलटा काटा नसतो.
मासा वर येतो, डोक्यावरून जातो,
हवेतच सुटतो, आणि मागे फळीवर पडून
शेपटीने एवढ्या वेगाने बडवत राहतो
की पायांतून दातांपर्यंत बोट थरथरते.
निळा रंग जातो आधी.
थरथर नंतर.

कुप्याला फुगा नसतो आत, इतर माशांसारखा.
पोहायचं थांबला की खाली जातो.
कल्ले हलवून पाणी ओढणं त्याला जमत नाही,
तोंड उघडं ठेवून पळत राहायचं, तरच श्वास.
हे मी मालेत शिकले, पंख्याखाली, फळ्यावर.
आणि तेही, जे सरांना सांगायला
परत बेटावर यायला हवं होतं:
कल्ल्यांकडे निघालेलं गरम रक्त
कल्ल्यांतून आलेल्या गार रक्ताला
अंगाला अंग लावून जाताना
सगळी ऊब देऊन टाकतं,
रिकाम्या हाताने समुद्राला भेटतं.
आले तेव्हा सर बदली होऊन गेले होते.

आता मी धक्क्यावर. फळी, मोजपट्टी, तक्ता.
तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या बेचकीपर्यंत
लांबी घ्यायची, शेपटीच्या टोकापर्यंत नाही;
टोकं तुटलेली असतात.
बाप बर्फाच्या पेटीवर बसून असतो.
बोट विकली, त्यालाही तीन वर्षं झाली.
शिफाऊ मासे फेकतो, मी आकडे बोलते,
बाप प्रत्येक आकड्याला मान हलवतो,
जणू त्याच्याकडून खात्री करून घेतेय.

त्रेचाळीस, म्हणाले मी एकदा. मादी. पक्व.
पोट चिरलं होतं, अंडी केशरी, दाणेदार.
वय? बापाने विचारलं.
दीड वर्ष, असेल फार तर.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
दीड, म्हणाला. मग म्हणाला,
मी आयुष्यभर म्हाताऱ्या धरतोय असं वाटायचं.
एवढ्या शहाण्या दिसायच्या.

शिफाऊ हसला. मीही हसले असते,
पण हातात थर्मामीटर होता, पाठीच्या मांसात खुपसलेला,
पाण्याहून पाच अंश वर, आणि चढतच होता.
तक्त्यात उबेला रकाना नाही.
मी समासात लिहिलं, तिरकं, पेन्सिलीने.
बघ, म्हटलं, आणि काच त्याच्यापुढे धरली.

त्याला आकडे जवळून दिसत नाहीत आता.
त्याने घड्याळ काढून माझ्या मांडीवर ठेवलं,
बाही वर केली,
आणि चिरलेल्या पोटात हात घातला,
मनगटापर्यंत,
जसा दोरीतून गाठ शोधतात तसा, सावकाश.

पुढचा, शिफाऊ ओरडला.
मी थांब म्हटलं.